विश्लेषण : हवा आहे, अन्न आहे, तरी वसाहत का मरते? ‘ऑक्सिजन नॉट इन्क्लुडेड’ गेममधले विज्ञान किती खरे?

एका लघुग्रहाच्या पोटात बंदिस्त गुहा. तिच्यात तीन माणसे, थोडे पाणी, थोडे शेवाळ, माती आणि दगड. बाहेर जायला रस्ता नाही आणि बाहेर पडलेच तर तिथे हवा नाही. मारायला शत्रू नाही, गाठायला गुणसंख्या नाही. या तिघांना जगवायचे, एवढेच काम. ‘ऑक्सिजन नॉट इन्क्लुडेड’ हा संगणकावरचा गेम इथून सुरू होतो आणि नव्या खेळाडूची पहिली वसाहत बहुधा काही तासांतच मरते. गंमत अशी की ती मरते त्या दिवशी काहीच विशेष घडलेले नसते. चूक झालेली असते ती बरीच आधी, सगळे सुरळीत चालले आहे असे वाटत होते तेव्हा. हा गेम नेमका आहे काय, त्यात वसाहत कशामुळे कोसळते आणि प्रत्यक्ष अवकाशात राहणाऱ्या माणसांच्या अडचणींशी त्याचे नाते किती, याविषयी...

गेम नेमका काय आहे?

कॅनडातील व्हँकूव्हर येथील ‘क्लेई एंटरटेनमेंट’ या कंपनीने हा गेम तयार केला. २०१३ मध्ये आलेला ‘डोन्ट स्टार्व्ह’ हा गाजलेला गेमही याच कंपनीचा. ‘ऑक्सिजन नॉट इन्क्लुडेड’ मे २०१७ मध्ये अपूर्ण स्वरूपात विक्रीला आला आणि खेळाडूंच्या सूचना विचारात घेत ३० जुलै २०१९ रोजी पूर्ण रूपात प्रसिद्ध झाला. त्यानंतर डिसेंबर २०२१ मध्ये ‘स्पेस्ड आउट’ आणि २०२४ मध्ये ‘फ्रॉस्टी प्लॅनेट पॅक’ असे विस्तार आले. नावात थट्टा आहे. खेळण्यांच्या खोक्यावर ‘बॅटरी सोबत दिलेली नाही’ अशी बारीक अक्षरांतली सूचना असते. इथे सोबत दिलेला नाही तो प्राणवायू.

परग्रहावर वसाहत उभारण्याचे गेम आणखीही आहेत. २०१८ मध्ये आलेल्या ‘सर्व्हायव्हिंग मार्स’मध्ये आधी यंत्रे मंगळावर पाठवून घुमट, वीज आणि पाण्याची सोय करायची आणि मग माणसे बोलवायची असतात. ‘रिमवर्ल्ड’मध्ये अनोळखी ग्रहावर अडकलेल्या माणसांची भांडणे, प्रेम, आजारपण आणि बाहेरून होणारे हल्ले यांतून कथा घडते. ‘ऑक्सिजन नॉट इन्क्लुडेड’ यांपेक्षा वेगळा ठरतो तो एका कारणाने. यात खेळाडूचा सामना होतो तो वायू, पाणी, उष्णता आणि माणसाची भूक यांच्या हिशेबाशी.

तो खेळतात कसा?

वारूळ उभे कापून बाजूने पाहावे तशी वसाहत पडद्यावर दिसते. त्यात राहणाऱ्या माणसांना ‘डुप्लिकंट’ म्हणतात, कारण ती एका छपाई यंत्रातून बाहेर पडतात. या माणसांना खेळाडू स्वतः हलवत नाही. इथे खणा, इथे शिडी बांधा, इथे पेरणी करा, अशा खुणा तो करतो आणि प्रत्येक कामाला १ ते ९ असा प्राधान्यक्रम देतो. कोणते काम कोण उचलणार, हे डुप्लिकंट आपापल्या कुवतीप्रमाणे ठरवतात. सगळ्याच कामांना ९ क्रमांक दिला, तर प्राधान्य कशालाच उरत नाही. कार्यालयात प्रत्येक कागदावर ‘तातडीचे’ असा शिक्का मारल्यावर जे होते, तेच इथे होते.

गेममधला एक दिवस ६०० सेकंदांचा, म्हणजे साध्या वेगाने खेळल्यास दहा मिनिटांचा असतो. केव्हाही खेळ थांबवून विचार करता येतो आणि थांबवलेल्या अवस्थेतही हुकूम देता येतात. त्यामुळे बोटांच्या चपळाईला इथे फारशी किंमत नाही. शिवाय हवा, तापमान, पाण्याचे नळ, विजेच्या तारा असे वेगवेगळे नकाशे एका कळीवर पाहता येतात. अनुभवी खेळाडूचा निम्मा वेळ हे नकाशे पाहण्यातच जातो.

दर तीन दिवसांनी छपाई यंत्र काही पर्याय समोर ठेवते. नवा माणूस घ्या, सामानाची पेटी घ्या किंवा सगळे नाकारा. हा प्रसंग दिसायला साधा आहे, पण बहुतेक वसाहतींचे भवितव्य इथेच ठरते.

प्राणवायूचे गणित काय?

प्रत्येक डुप्लिकंट सेकंदाला १०० ग्रॅम प्राणवायू वापरतो. म्हणजे दिवसाला ६० किलो. सुरुवातीला हा प्राणवायू मिळवण्याचा सोपा मार्ग म्हणजे शेवाळावर चालणारे यंत्र. ते सेकंदाला ५५० ग्रॅम शेवाळ खाते आणि ५०० ग्रॅम प्राणवायू देते. एक यंत्र पाच जणांना पुरते. ते बांधायला सोपे, वीजही थोडी लागते आणि आजूबाजूला शेवाळाचे थर दिसत असतात. नवा खेळाडू निर्धास्त होतो.

आता हिशेब करून पाहू. तीन माणसांना दिवसाला १८० किलो प्राणवायू लागतो. त्यासाठी १९८ किलो शेवाळ खर्ची पडते. हाताशी १० टन शेवाळ असेल तर ते सुमारे ५० दिवस पुरेल. दर तीन दिवसांनी येणारा माणूस घेत घेत वसाहत आठ जणांची झाली, तर रोजचा खर्च ५२८ किलोंवर जातो आणि तेच १० टन शेवाळ १९ दिवसांत संपते.

अन्नाचेही तसेच. प्रत्येकाला दिवसाला १००० किलोकॅलरी लागतात. सुरुवातीचे सर्वांत सोपे पीक तीन दिवसांत तयार होते आणि प्रत्येक रोपातून ६०० किलोकॅलरी मिळतात. म्हणजे एका माणसामागे पाच रोपे हवीत. रोपाला पाणी लागत नाही, पण दिवसाला १० किलो माती लागते. आठ माणसांसाठी ४० रोपे आणि रोज ४०० किलो माती. शेवाळाप्रमाणे मातीही सुरुवातीला मुख्यतः खणूनच आणावी लागते.

नवा माणूस घेतला की काम भराभर उरकते, हे त्याच दिवशी दिसते. शेवाळ आणि माती किती दिवस आधी संपणार, हे त्या दिवशी दिसत नाही. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे सगळ्यांना ठाऊक असते. इथे मात्र अंथरूण रोज थोडे थोडे आखडत असते आणि पाय पसरताना ते लक्षात येत नाही.

पाण्यापासून प्राणवायू मिळाला की सुटका होते?

शेवाळ संपत आले की खेळाडू पाण्याकडे वळतो. विद्युत विघटन करणारे यंत्र सेकंदाला एक किलो पाणी घेते आणि ८८८ ग्रॅम प्राणवायू व ११२ ग्रॅम हायड्रोजन देते. हे आकडे मनाने ठरवलेले नाहीत. पाण्याच्या वजनात प्राणवायूचा वाटा खरोखरच सुमारे ८८.८ टक्के असतो आणि उरलेला हायड्रोजनचा. शाळेत रसायनशास्त्राच्या तासाला शिकलेले गुणोत्तर गेममध्ये जसेच्या तसे उतरले आहे.

एका यंत्रावर जवळजवळ नऊ माणसे श्वास घेऊ शकतात. सोबत मिळणारा हायड्रोजन जनित्रात जाळून वीजही मिळते. १०० ग्रॅम हायड्रोजनमागे ८०० वॅट. या विजेवर यंत्र आणि पंप दोन्ही चालतात. खेळाडूंनी यातून स्वतःची वीज स्वतःच बनवणारी प्राणवायूची खोली तयार केली आणि तिच्या रचनांवर इंटरनेटवर वर्षानुवर्षे चर्चा सुरू आहे.

पण एक यंत्र पूर्णवेळ चालले तर दिवसाला ६०० किलो पाणी पिते. गुहेजवळचे तळे ६० टनांचे असेल तर ते १०० दिवसांत आटेल आणि पिकांना पाणी द्यावे लागले तर त्याआधीच. मग जमिनीतून उसळणारे गरम पाण्याचे किंवा वाफेचे झरे शोधावे लागतात. हे झरे काही काळ वाहतात आणि काही काळ निद्रिस्त असतात. पाणी मिळते, पण ते ९५ अंश सेल्सिअसचे. वाफेच्या झऱ्यातून तर ११० अंशांची वाफ येते. विद्युत विघटनातून बाहेर पडणारा प्राणवायूही किमान ७० अंशांचा असतो. म्हणजे पाण्याची आणि हवेची अडचण सुटते आणि तिच्या जागी उष्णतेची येते.

उष्णता हा खरा शत्रू का?

बॅटऱ्या तापतात, जनित्रे तापतात, दिवे तापतात. पंपांमधून गरम हवा खेळते. सुरुवातीच्या पिकाला १० ते ३० अंशांच्या दरम्यान तापमान लागते. लघुग्रहाच्या पोटात ही उष्णता आपोआप कुठे निघून जात नाही. दगडात, हवेत, पाण्यात ती हळूहळू साठत राहते. एके दिवशी शेतातले तापमान ३० अंशांची रेघ ओलांडते आणि पीक वाढायचे थांबते. तेव्हा भांडारात अन्न शिल्लक असल्याने कोणाला जाणवतही नाही. भांडार रिकामे होते तेव्हा खेळाडू आणखी रोपे लावतो. तीही वाढत नाहीत, कारण अख्खी गुहाच तापलेली असते.

घाबरलेला खेळाडू थंड करणारे यंत्र शोधतो. गेममधले असे एक यंत्र त्यातून जाणाऱ्या द्रवाचे तापमान १४ अंशांनी उतरवते. मात्र काढून घेतलेली उष्णता ते स्वतःत साठवते आणि प्रचंड तापते. घरातला फ्रिज आतली भाजी थंड ठेवताना मागच्या बाजूने स्वयंपाकघर तापवतो, तसेच हे. उष्णता नाहीशी झालेली नसते, तिची फक्त जागा बदललेली असते.

यावरचा रुळलेला उपाय म्हणजे ते तापलेले यंत्र पाण्यात ठेवायचे, त्या पाण्याची वाफ होऊ द्यायची आणि १२५ अंशांपुढच्या वाफेवर टर्बाइन चालवायचे. टर्बाइन वाफेचे ९५ अंशांचे पाणी करते आणि जास्तीत जास्त ८५० वॅट वीज देते. हे जमले की वसाहत दीर्घकाळ टिकते. पण त्यासाठी पोलाद लागते, पोलादासाठी भट्टी लागते आणि भट्टी पुन्हा उष्णता निर्माण करते. उपाय उभा करण्याइतका वेळ आणि गारवा शिल्लक असतानाच त्याची सुरुवात करावी लागते.

माणसांचे काय?

डुप्लिकंट म्हणजे नुसते श्वास घेणारे आकडे नव्हेत. कोणी घोरतो आणि शेजाऱ्यांची झोप मोडतो. कोणी कामसू असतो, पण पोटाच्या वायूने हवा खराब करतो. ताण वाढला की प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. कोणी धाय मोकलून रडतो, कोणी ओकतो, कोणी अधाश्यासारखा खातो, तर कोणी यंत्रे फोडतो. ज्या दिवशी वसाहत अडचणीत असते, नेमक्या त्याच दिवशी या गोष्टी घडतात. एकाने पंप फोडला की पाणी थांबते, मग बाकीच्यांचा ताण वाढतो.

कौशल्य वाढले की अपेक्षाही वाढते, हा नियम गेममध्ये चोख बसवला आहे. नवशिक्या कामगाराला जमिनीवरचे अंथरूण आणि साधे खाणे चालते. तोच तज्ज्ञ झाला की त्याला नीट भोजनकक्ष, सजावट, विरंगुळा आणि बरे जेवण हवे असते. ते मिळाले नाही तर ताण चढतो. सगळ्यांना घाईघाईने सगळी कौशल्ये शिकवणारा खेळाडू स्वतःच्या हाताने अडचण ओढवून घेतो.

स्वच्छतागृह हा तर स्वतंत्र धडा आहे. नळाच्या स्वच्छतागृहात एका वेळी पाच किलो पाणी जाते आणि ११.७ किलो सांडपाणी बाहेर पडते. ते वाळूच्या गाळणीतून गाळले की पाणी पुन्हा वापरता येते, उलट थोडे जास्तच मिळते. मात्र गाळणी जंतू मारत नाही. तेच पाणी स्वयंपाकाकडे वळवले की पोटाचे आजार पसरतात. हात धुण्याचे भांडे दाराच्या कोणत्या बाजूला असावे, हा प्रश्न इथे रॉकेट उडवण्याइतकाच महत्त्वाचा ठरतो.

वसाहत साधारण कोसळते कशी?

क्रम बहुतेक वेळा सारखाच असतो. पहिले दहा दिवस उत्साहात जातात. खोल्या बांधल्या जातात, माणसे वाढतात. पुढे शेवाळ दूर दूर जाऊन आणावे लागते. आणायला माणसे कमी पडतात म्हणून आणखी एक माणूस घेतला जातो. तोही श्वास घेतो, म्हणून आणखी शेवाळ लागते. कार्बन डायऑक्साइड जड असल्याने वसाहतीच्या तळाशी साचत जातो आणि खालच्या मजल्यावरच्या झोपण्याच्या खोल्या हळूहळू त्यात बुडतात. झोपेतून दचकून उठलेले कामगार दिवसा दमतात. काम रेंगाळते. विजेसाठी कोळशाचे जनित्र लावले जाते, ते हवा आणखी बिघडवते आणि गुहा तापवते. मग पीक थांबते.

इथपर्यंत एकही अपघात झालेला नाही. खेळाडूने दर वेळी समोरची अडचण सोडवलेली आहे आणि दर वेळी त्याचा उपाय त्या दिवसापुरता बरोबरही आहे. पुढचे पाठ, मागचे सपाट अशी गत होते. एक भोक बुजवायला जी वस्तू वापरली, तिचा तुटवडा म्हणजे पुढचे भोक. भुकेने पहिला माणूस मरतो तेव्हा मागे जाऊन दुरुस्त करावे असे एकच ठिकाण सापडत नाही. बरेच खेळाडू इथे जुनी नोंद न उघडता नव्या लघुग्रहावर पुन्हा सुरुवात करतात, ते यामुळेच.

विज्ञान किती खरे, किती सोयीचे?

गेमने काही ठिकाणी सरळ सूट घेतली आहे. खरा माणूस दिवसाला सुमारे ०.८४ किलो प्राणवायू वापरतो, डुप्लिकंट ६० किलो. शिवाय डुप्लिकंट सेकंदाला १०० ग्रॅम प्राणवायू घेऊन फक्त दोन ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडतो. उरलेले ९८ ग्रॅम कुठे जातात, हे विचारायचे नाही. खरा माणूस दिवसाला साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड सोडतो, म्हणजे घेतलेल्या प्राणवायूपेक्षा वजनाने जास्त. त्या हिशेबाने गेममधली गुहा फार लवकर गुदमरली असती.

विजेच्या बाबतीत तर गेम फारच उदार आहे. सेकंदाला एक किलो पाण्याचे विघटन करायला प्रत्यक्षात किमान सुमारे १.३ कोटी वॅट वीज लागेल. गेममधले यंत्र ते १२० वॅटवर उरकते. त्यातून मिळालेला हायड्रोजन जाळून खर्चापेक्षा जास्त वीज मिळवणे निसर्गात अशक्य आहे. टर्बाइन उष्णता ‘संपवते’ हीसुद्धा सोयच. खरे टर्बाइन उष्णतेचा काही भाग विजेत बदलते आणि ती वीज वापरली की पुन्हा उष्णता होते. उरलेली उष्णता कुठेतरी सोडावीच लागते.

वायूंचे थरही असेच सोपे केले आहेत. गेममध्ये हायड्रोजन वर आणि कार्बन डायऑक्साइड खाली, असे स्वच्छ थर लागतात. खऱ्या हवेत वायू एकमेकांत मिसळतात. अवकाशस्थानकात तर वजनाची जाणीवच नसल्याने जड वायू खाली बसत नाही. झोपलेल्या अंतराळवीराच्या तोंडाभोवती त्याच्याच उच्छ्वासाचा ढग साचू नये म्हणून पंख्यांनी हवा सतत खेळती ठेवावी लागते.

आकडे सोयीचे असले, तरी गेमचा गाभा खरा आहे. बंद जागेत काहीही ‘टाकून’ देता येत नाही. जे घेतले ते कोणत्या ना कोणत्या रूपात तिथेच राहते आणि त्याचा परिणाम उशिरा दिसतो.

प्रत्यक्षात असे कुठे घडले आहे?

सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातल्या ‘बायोस्फियर २’चे. काचेच्या बंद इमारतींत शेत, लहानसे जंगल आणि समुद्राची प्रतिकृती उभारून २६ सप्टेंबर १९९१ रोजी आठ जण दोन वर्षांसाठी आत गेले. झाडे प्राणवायू देतील आणि माणसे तो घेतील, असा हिशेब होता. पण आतला प्राणवायू हळूहळू उतरू लागला. नेहमीच्या सुमारे २१ टक्क्यांवरून तो साधारण १४ टक्क्यांपर्यंत आला. माणसे थकू लागली. अखेर जानेवारी १९९३ मध्ये बाहेरून प्राणवायू सोडावा लागला.

कारण शोधायला वेळ लागला. शेतासाठी घातलेली माती सेंद्रिय खताने समृद्ध होती. त्यातले सूक्ष्मजीव भराभर प्राणवायू वापरत होते आणि कार्बन डायऑक्साइड सोडत होते. मग हवेत कार्बन डायऑक्साइड तेवढ्या प्रमाणात वाढलेला का दिसेना? तो इमारतीच्या काँक्रीटमध्ये मुरत होता. चांगले पीक यावे म्हणून निवडलेली माती आणि मजबुतीसाठी वापरलेले काँक्रीट, या दोन योग्य निर्णयांनी मिळून आठ माणसांचा श्वास कमी केला. हा प्रसंग आणि गेममधली मरणारी वसाहत यांच्यात फारसा फरक नाही.

आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकात प्राणवायू विद्युत विघटनानेच मिळवला जातो. अंतराळवीरांचे मूत्र, घाम आणि श्वासातली वाफ गोळा करून पाणी बनवले जाते. २०२३ मध्ये ‘नासा’ने ९८ टक्के पाणी परत मिळवण्याचा टप्पा गाठला. विघटनातला हायड्रोजन आणि श्वासातला कार्बन डायऑक्साइड यांच्यापासून पाणी आणि मिथेन मिळवण्याचे तंत्रही तिथे वापरले गेले, मात्र मिथेन अवकाशात सोडून द्यावा लागला. म्हणजे चक्र पूर्ण बंद होत नाही आणि तूट भरून काढायला पृथ्वीवरून मालवाहू याने पाठवावी लागतात. उष्णतेसाठी स्थानकाच्या बाहेर मोठमोठी पाती आहेत. अमोनियाच्या नळ्यांतून उष्णता तिथे नेली जाते आणि किरणांच्या रूपाने अवकाशात सोडली जाते. अवकाश थंड असते म्हणून यंत्रे आपोआप गार होतील, हा समज चुकीचा आहे. भोवती हवाच नसल्याने उष्णता वाहून न्यायला काही नसते.

मंगळावर तर ही तूट भरून काढणे आणखी अवघड. ‘पर्सिव्हरन्स’ या बग्गीवरच्या ‘मॉक्सी’ उपकरणाने २०२१ ते २०२३ या काळात तिथल्या कार्बन डायऑक्साइडपासून १६ वेळा प्राणवायू तयार केला. एकूण १२२ ग्रॅम. एका माणसाला तो साधारण साडेतीन तास पुरेल. प्रयोग यशस्वी ठरला तो तंत्र चालते हे सिद्ध झाल्यामुळे. वसाहतीची गोष्ट अजून फार दूर आहे.

भारतासाठीही हे प्रश्न आता परके नाहीत. २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकावर गेलेल्या शुभांशू शुक्ला यांनी तिथे मूग आणि मेथी रुजवण्याचा प्रयोग केला, सूक्ष्म शैवालांवरही प्रयोग झाले. २०३५ पर्यंत स्वतःचे अवकाशस्थानक उभारण्याचे भारताचे उद्दिष्ट आहे. तिथल्या अंतराळवीरांच्या रोजच्या जगण्याचा हिशेबही याच चार गोष्टींचा असेल : हवा, पाणी, अन्न आणि उष्णता.

नव्या खेळाडूने काय लक्षात ठेवावे?

पहिले, माणसे हळू वाढवावीत. छपाई यंत्राने समोर ठेवलेला माणूस नाकारता येतो आणि सामानाची पेटी घेता येते. ‘आणखी एक माणूस घेतला तर शेवाळ, माती आणि पाणी किती दिवस पुरेल?’ हा भागाकार दर वेळी करावा. त्याला मोबाइलमधला कॅल्क्युलेटर पुरतो.

दुसरे, वसाहतीच्या तळाशी एक रिकामा खड्डा खणून ठेवावा. कार्बन डायऑक्साइड तिथे साचतो आणि झोपण्याच्या खोल्या काही काळ वाचतात. तिसरे, तापमानाचा नकाशा रोज पाहावा. बॅटऱ्या आणि जनित्रे शेतापासून लांब ठेवावीत, मध्ये उष्णतारोधक भिंत घालावी. चौथे, पाण्याचा झरा तळे भरलेले असतानाच शोधायला घ्यावा. तळे आटल्यावर शोधायला निघालेल्या माणसांना श्वास पुरत नाही. पाचवे, दिसेल ते खणत सुटू नये. भिंतीपलीकडे गरम वायू किंवा जंतूंनी भरलेला चिखल असू शकतो.

आणखी एक हिशेब खेळाडूच्या स्वतःच्या वेळेचा. या गेममध्ये अवकाशातल्या एका फटीपलीकडे रॉकेट पाठवण्यासारखी उद्दिष्टे आहेत, पण तिथे पोहोचल्यावरही खेळ संपत नाही. एक अडचण सुटत असतानाच दुसरी दिसू लागते, त्यामुळे ‘एवढा पंप बसवून उठतो’ म्हणणाऱ्याची मध्यरात्र उलटते. परीक्षेच्या दिवसांत किंवा सकाळी लवकर उठायचे असेल तेव्हा किती गेम-दिवस खेळायचे, हे आधीच ठरवलेले बरे. प्रत्येक दिवसाच्या अखेरीस खेळ आपोआप नोंदवला जातो, तेव्हा उठण्याची सोय दर दहा मिनिटांनी असते.

पहिली वसाहत मेली म्हणून गेम सोडू नये. दुसऱ्यांदा सुरुवात करताना पडद्यावर तीच गुहा, तीन माणसे आणि तेच शेवाळ दिसते. फरक एवढाच असतो की या वेळी खेळाडू पहिल्याच दिवशी शेवाळाचे वजन पाहतो आणि त्याला माणसांच्या संख्येने भागतो.